लहान मेंदूची बाजू उलटी नसते
मेंदूवरच्या एका लेखात 'डावा मेंदू उजवी बाजू चालवतो', लहान मेंदू 'तोल सांभाळतो' आणि श्वासही चालवतो, असं म्हटलंय. यातलं पहिलं वाक्य मोठ्या मेंदूपुरतं ठीक आहे. लहान मेंदूच्या, म्हणजे अनुमस्तिष्काच्या डाव्या भागाला इजा झाली तर डावाच हात बिघडतो, कारण त्याच्या संदेशांचे मार्ग दोनदा बाजू ओलांडून परत तिथेच येतात. हातातला जोर जात नाही, नेम जातो: स्वतःच्या नाकावरून डॉक्टरांच्या बोटाकडे बोट नेताना ते जवळ पोचता पोचता थरथरतं. (पार्किन्सन या आजारात कंप मुख्यतः हात स्वस्थ असताना दिसतो.) लहान मेंदूचं वजन संपूर्ण मेंदूच्या जेमतेम १० टक्के, पण सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज इथेच! त्याला 'तोल सांभाळतो' एवढ्यावर उरकणं अन्यायच. आणि श्वासाचं नियंत्रण मस्तिष्कपुच्छाकडे (मेंदूचा मज्जारज्जूला जोडलेला खालचा भाग) असतं, लहान मेंदूकडे नाही. तेवढी दुरुस्ती कराच.