स्थापना नक्की कधी?

नाट्यमंडळाचा सुवर्णमहोत्सव जवळ आला की कार्यकारिणी एकमताने ठरवते, स्मरणिका काढायची. पाठोपाठ दुसरा ठराव, मंडळाचा इतिहास मी लिहायचा. ज्याला पाठांतर जमत नाही त्याच्याकडे इतिहास द्यायचा, ही ठाण्यातल्या हौशी मंडळांची जुनी पद्धत.

पहिलं संकट म्हणजे स्थापनेचं साल. नौपाड्यातल्या गणपतीत पहिली एकांकिका झाली ते एक. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदणी झाली ते दुसरं. (किमान सात जण लागतात, सातवी सही बहुधा कुणाच्या तरी मेव्हण्याची असते.) धर्मादाय आयुक्तांकडे नोंद झाली ते तिसरं. या तिन्हींपैकी ज्या सालाने महोत्सव यंदा पडतो ते खरं मानावं. जाहिराती यंदाच्या आहेत.

मग ज्येष्ठ सभासदांना गाठायचं. काका छातीठोकपणे सांगतात, "पहिला प्रयोग गडकरीला, ७४ साली. हाउसफुल्ल!" गडकरी रंगायतन सुरू झालं १९७८ मध्ये. हे चहा पिऊन झाल्यावर सांगावं, आधी सांगितलं तर चहा येत नाही. काका डगमगत नाहीत. "मग बांधकाम चालू असताना केला असेल."

म्हणून कागद शोधायचे. हँडबिलावर वार असतो, तारीख असते, 'रात्रौ ८॥ वाजता' असतं, फक्त साल नसतं. ज्याने छापलं त्याला साल माहीतच होतं. समजा, 'शनिवार, २६ नोव्हेंबर' असं आहे. हा योग १९७७, १९८३, १९८८ आणि १९९४ साली येतो. स्थळ गडकरी असेल तर १९७७ बाद. कुठे 'ठाणे महानगरपालिका' छापलंय का पाहावं. महापालिका झाली ऑक्टोबर १९८२ मध्ये, तेव्हा त्याआधीच्या कागदावर नगरपालिकाच सापडेल. खालच्या जाहिरातीत एसटीडी-पीसीओ बूथ दिसला की १९८३ गेलं. उरलेल्या दोन सालांवर कार्यकारिणीत मतदान होतं.

राज्य नाट्य स्पर्धेचा घोळ वेगळाच. प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात आणि अंतिम फेरी पुढच्या सालात, त्यामुळे एकच नाटक यादीत दोनदा येतं. हे मुद्दाम कुणी दुरुस्त करत नाही, नाटकांची संख्या वाढते. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरच्या, प्रमाणपत्रावर तारीख पक्की असते खरी, पण ती संहितेची, प्रयोगाची नव्हे. प्रमाणपत्र मिळालं, पण नायिकेचं लग्न ठरलं म्हणून प्रयोगच झाला नाही, अशीही नाटकं असतात.

फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये असतात आणि डिंक पिवळा पडून पानासकट एकजीव झालेले असतात. ओढले तर आधी नायकाचा चेहरा जातो. दात साफ करायचा दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवावा. निघाल्यावर मागे नाव लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. छोटा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करावा. पण हे सगळं करूनही माणूस ओळखू येतोच असं नाही, कारण ऐतिहासिक नाटकात सगळ्यांना एकाच पेटीतल्या दाढ्या लावलेल्या असतात. एका मावळ्यावर तीन कुटुंबं हक्क सांगतात.

खरा इतिहास सापडतो खजिनदाराच्या खर्चवहीत. अहवाल लोकांना दाखवायला लिहिलेला असतो, खर्चवही हिशेबतपासनिसाच्या धाकाने. नारळ, हार, टेंपोभाडं, रंगभूषाकार, चहा आणि 'इतर'. 'इतर' नेहमी नेपथ्यापेक्षा मोठं. टेंपोची नोंद मिळाली की प्रयोगाची तारीख एखाद्या दिवसाच्या फरकाने हाती लागते. दोन नोंदी असतील तर नाट्यगृहात गेल्यावर सोफा विसरल्याचं कळलं होतं असं समजावं. चहाचा आकडा एकाएकी निम्म्यावर आला, तर त्या महिन्यात मंडळ फुटलं.

फुटीबद्दल लिहायचं नसतं. 'काही अपरिहार्य कारणांमुळे कार्य स्थगित होते' एवढंच. अपरिहार्य कारण म्हणजे सहा बाय तीनच्या लेव्हल्स (नेपथ्यातले लाकडी चौथरे) कुणाच्या गॅरेजमध्ये राहतील हा वाद. त्या लेव्हल्स अजून तिथेच आहेत, वर कुंड्या ठेवल्यात.

शेवटी नावांची यादी. ज्येष्ठतेनुसार लावली तर दिग्दर्शक रुसतो, भूमिकेनुसार लावली तर प्रकाशयोजनावाले. आडनावांच्या अकारविल्हे लावणं सगळ्यांत बिनधोक, फक्त अध्यक्षांचं आडनाव 'स' किंवा 'ह'वरून असू नये. प्रूफ चौघांना वाचायला द्यावं. चौघंही आपापलं नाव तेवढं तपासतात. म्हणून छपाईच्या अंदाजपत्रकात शुद्धिपत्राचा कागद आधीच धरून ठेवावा. त्यात काय छापायचं ते प्रकाशनाच्या दिवशी, चहाच्या वेळी, लोक स्वतःच येऊन सांगतात.