‘पेन्शन असताना रस्त्यावर कसे?’ : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका,

‘तुझ्या काकाच्या वयाचा आहे, रागावू नकोस’ असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रागावलेच होते. दुसऱ्यांदा वाचताना तुमच्या एका मुद्द्यापाशी अडकले, म्हणून उत्तराला चार दिवस लागले. प्रतिक्रियेखाली मावेना, तेव्हा वेगळंच टाकते आहे.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. अमेरिकेतल्या बेघर माजी सैनिकांवर मी लेख लिहिला होता आणि ‘आधी घर द्या, व्यसनाचं नंतर बघू’ या धोरणाची बाजू घेतली होती. काका स्वतः फौजेतून पेन्शनीवर आलेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : फौजी माणसाला पेन्शन असते, दवाखाना असतो, तरी तो रस्त्यावर आला तर दोष बाटलीचा. फुकट घर देऊन सरकार त्याला आणखी बिघडवतं. युद्धाचा आघात वगैरे पुस्तकी कारणं आहेत, यातले कितीतरी जण लढाईवर गेलेलेच नसतात. बेघर कमी झाले म्हणता ते कागदावर. आणि शेवटी, ‘बाकीचे बेघर काय माणसं नाहीत?’

अडकले ती जागा आधी सांगते. लढाईवर न गेलेल्यांबद्दल तुम्ही बरोबर आहात आणि मी चुकले होते. ‘युद्धाच्या आठवणींनी त्यांना रस्त्यावर आणलं’ असं वाक्य मी लिहून गेले. वाचायला बरं वाटतं, पण ते खरं चित्र नाही. या विषयावरचा अभ्यास पाहिला तर व्यसन, मानसिक आजार, तुटपुंजी मिळकत आणि पाठीशी माणूस नसणं ही कारणं वरचढ ठरतात. लढाईतला अनुभव त्यामानाने मागे राहतो. व्हिएतनाम युद्ध संपल्यावर, सक्तीची भरती बंद झाल्यानंतरच्या काळात जे स्वेच्छेने भरती झाले, त्यांचं प्रमाण बेघरांमध्ये बरीच वर्षं जास्त होतं, आणि त्यातल्या बहुतेकांनी युद्ध पाहिलेलंच नव्हतं. गरीब घरातली पोरं, नोकरी नाही म्हणून सैन्यात गेलेली, आणि तीन-चार वर्षांनी होती तिथेच परत आलेली.

म्हणजे तुमचा मुद्दा खरा. पण त्यातून तुम्ही जो निष्कर्ष काढता तो मात्र मला पटत नाही, कारण घोडं पेंड खातं ते पेन्शनपाशी.

तुम्हाला पेन्शन आहे म्हणून सगळ्याच फौजींना असणार असं तुम्ही धरून चालला आहात. अमेरिकेत सैनिकाला निवृत्तिवेतन मिळायला साधारणपणे २० वर्षं नोकरी लागते. बहुतेक जण त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या-दुसऱ्या करारानंतरच बाहेर पडतात. चार वर्षं केली, बाहेर आला, तर दरमहा काही नाही. सेवेमुळे आलेलं अपंगत्व सिद्ध झालं तर भत्ता मिळतो, पण तो अर्ज करून, तपासण्या देऊन, अपिलं करून. दवाखाना म्हणाल तर व्हेटरन्स अफेअर्स हे खातं (इथे सगळे त्याला नुसतं ‘व्हीए’ म्हणतात) मोठं आहे, चांगलंही आहे, पण त्याच्या दारात जायला कागद लागतो. त्या कागदाचं नाव डीडी-२१४. कधीपासून कधीपर्यंत नोकरी केली, कुठल्या हुद्द्यावर, आणि कुठल्या शेऱ्याने बाहेर पडला, हे सगळं त्यावर असतं.

हा कागद मी एकदा हातात घेतला आहे. दरवर्षी जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांत देशभर एका रात्रीची बेघरांची मोजणी होते. मी राहते त्या काउंटीत स्वयंसेवकांचे गट टॉर्च आणि प्रश्नावली घेऊन हिंडतात. पहाटे चारच्या सुमारास एका बंद दुकानामागच्या पार्किंगमध्ये जुनी व्हॅन उभी होती, आत एक साठीचा माणूस. थंडीने माझ्या पेनातली शाई उतरत नव्हती, मी ते काखेत धरून गरम करत होते. मी विचारलं, ‘आर यू अ व्हेटरन?’, म्हणजे माजी सैनिक आहात का. तो ‘नो’ म्हणाला. मी खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. आमच्या गटप्रमुख बाईंनी मला थांबवलं आणि स्वतः विचारलं, ‘कधी सैन्यात होतात का?’

‘हो, आर्मीत. तीन वर्षं. जर्मनीत होतो, ट्रक दुरुस्त करायचो.’

‘मग आत्ता नाही का म्हणालात?’

‘व्हेटरन म्हणजे लढलेले ना?’

बाईंनी नंतर सांगितलं की हे नेहमीचंच आहे. ज्यांनी गोळी झाडली नाही ते, नॅशनल गार्ड या राखीव दलातले, आणि बायका तर हमखास, ‘व्हेटरन का’ म्हटलं की नाही म्हणतात. म्हणून ‘सैन्यात होतात का’ असं विचारायचं शिकवतात. मला प्रशिक्षणात हे सांगितलं होतं, पण चार वाजता डोकं चालत नाही. आधीच्या तीन तासांत मी किती जणांची चुकीच्या चौकटीत खूण केली असेल, देव जाणे.

त्या माणसाने सीटखालून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. जन्मदाखला, कुठल्याशा दवाखान्याचं कार्ड आणि आठ घड्या घातलेला डीडी-२१४. घड्यांवरून कागद विरला होता, आणि नेमका शेऱ्याचा रकाना घडीवर आलेला. तिथे काय छापलंय ते टॉर्च धरूनही वाचता येईना. ‘ऑनरेबल आहे, माझ्यावर विश्वास ठेवा,’ तो म्हणाला. म्हणजे सन्मानाने सोडलेला. नवी प्रत मागवता येते, फुकट येते. पण पोस्टाने यायची तर कुठे यायची?

तो शेरा का महत्त्वाचा ते तुम्हाला मी सांगायला नको. इथे ‘ऑनरेबल’च्या खाली उतरत्या पायऱ्या आहेत. मधली एक पायरी अशी की कोर्ट मार्शल न होता, नुसत्या प्रशासकीय कारवाईने माणसाला बाहेर काढतात. तो शिक्का बसला की व्हीएचे बरेच दरवाजे बंद. गंमत (कसली गंमत!) अशी की नशा, गैरहजेरी, वरिष्ठांशी भांडण यांमुळे हा शिक्का बसतो, आणि रस्त्यावर येण्याची शक्यता ज्यांची जास्त तेही हेच. म्हणजे ज्याला मदत लागणार त्यालाच आधी वगळायचं. २०२१च्या जानेवारीत झालेल्या एका कायद्याने घराच्या मुख्य योजनेपुरतं तरी हे दार अशा लोकांना उघडलं.

आता ‘फुकट घर’. हड-व्हॅश नावाची ही योजना १९९२ पासून आहे, पण खरा पैसा २००८ पासून आला. गृहनिर्माण खातं व्हाउचर देतं, व्हीए एक केस मॅनेजर देतं. भाडेकरू आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडं स्वतः भरतो, वरची रक्कम थेट घरमालकाला जाते. आज अशी एक लाखाहून अधिक व्हाउचर आहेत. तेव्हा फुकट नाही. बिनशर्त म्हणाल तर तेही पूर्ण नाही : भाडं थकवलं, शेजाऱ्यांना त्रास दिला, तर इतर कुणासारखीच नोटीस येते. फक्त ‘आधी दारू सोड, मग किल्ली देतो’ ही अट काढली आहे.

हे डोकं सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाचं. १९९२मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी उलटी गंगा वाहवली. तोवर रीत अशी होती की आधी निवारा, मग उपचार, मग शिस्तीची परीक्षा, मग कधीतरी घर. आणि लोक प्रत्येक पायरीवर गळायचे. त्यांनी थेट घर दिलं. रस्त्यावरून सरळ घरात आलेले बहुसंख्य लोक पुढे त्या घरात टिकले. २०१२मध्ये व्हीएनेही हीच पद्धत घेतली.

इथे तुमच्या बाजूचीही एक गोष्ट कबूल करते, कारण ती धोरणाचे भक्त सहसा लपवतात : घर मिळाल्याने दारू आपोआप सुटत नाही. व्यसनाच्या बाबतीत या पद्धतीचा निकाल जुन्या पद्धतीपेक्षा फार उजवा नाही. पण रस्त्यावर पिणारा आणि कडी लावून पिणारा यांत फरक आहे. दुसऱ्याला नर्स भेटायला येऊ शकते, कारण तो कुठे आहे हे तिला ठाऊक असतं.

आकडे कागदावरचे आहेत का? एका रात्रीची मोजणी कच्ची असते, हे मी स्वतः करून पाहिलं आहे. मित्राच्या सोफ्यावर झोपलेला त्यात येत नाही. पण कच्चेपणा दरवर्षी तोच असेल तर चढ-उतार दिसतोच. २०१०मध्ये बेघर माजी सैनिक सुमारे ७४ हजार होते. २०२४च्या जानेवारीत ३२,८८२. निम्म्याहून खाली. आणि त्याच २०२४मध्ये, त्याच रात्री, त्याच रस्त्यांवर देशभरातले एकूण बेघर ७,७१,४८० होते. एका वर्षात १८ टक्क्यांनी वाढलेले. घरभाडी दोघांनाही तीच. व्यसनं तीच. फरक एवढाच की एका गटासाठी व्हाउचर होती, माणसं होती आणि बजेट होतं.

म्हणूनच तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात जड आहे. बाकीचे माणसं नाहीत का? आहेत. सैनिकांना आधी मिळालं कारण गणवेशासाठी पैसा मागितला की दोन्ही पक्षांचे हात वर होतात. हा न्याय नव्हे, हे राजकारण आहे, आणि ते मला खटकतं. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली, जी दुसऱ्या कुठल्या गटावर करून बघायची मुभा कुणी दिली नसती. ती सगळ्यांना लावा असंच माझं म्हणणं आहे. तुम्ही मात्र त्याच प्रश्नावरून ‘मग सैनिकांनाही नको’ इथे पोचता.

आणि गणवेशाचा मान म्हणाल तर तोही सोयीपुरताच. १९३२मध्ये पहिल्या महायुद्धातले हजारो सैनिक कबूल झालेला बोनस लवकर द्या म्हणून वॉशिंग्टनला येऊन राहिले होते. १९२४च्या कायद्याने दिलेला तो बोनस हातात पडायचा होता १९४५मध्ये. जुलैच्या शेवटी जनरल मॅकआर्थरच्या फौजेने अश्रुधूर सोडून त्यांना पिटाळलं, तिथल्या ॲनाकॉस्टिया भागातल्या त्यांच्या झोपड्या जळाल्या. ‘पूर्वीचे सैनिक कुरकुरत नव्हते’ असं तुम्ही म्हटलंत म्हणून आठवण दिली.

लॉस एंजेलिसचं उदाहरण ताजं आहे. १८८८मध्ये तिथे अपंग सैनिकांच्या निवासासाठी म्हणून जमीन दान मिळाली. आज त्यातली ३८८ एकर शिल्लक आहे, आणि शहराच्या सगळ्यात महाग वस्तीला लागून आहे. त्या जमिनीवर एका विद्यापीठाचं बेसबॉल मैदान झालं, एका खासगी शाळेची क्रीडांगणं झाली. २०२०-२१मध्ये कुंपणाच्या बाहेर, सॅन व्हिसेंटे रस्त्याच्या फुटपाथवर, माजी सैनिकांचे तंबू होते, प्रत्येकावर राष्ट्रध्वज. २०११मध्ये खटला झाला, २०१५मध्ये तडजोड झाली, घरं बांधण्याचं कबूल झालं, बांधकाम गोगलगायीच्या गतीने. २०२२मध्ये पुन्हा खटला. २०२४मध्ये न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी १,८०० कायमची आणि ७५० तात्पुरती घरं बांधा असा निकाल दिला. सरकार अपिलात गेलं.

याच खटल्याच्या निमित्ताने एक अजब नियम चर्चेत आला. बरीच अनुदानित घरं अगदी कमी उत्पन्नवाल्यांसाठी राखीव असतात, आणि अपंगत्वाचा भत्ता उत्पन्नात धरला जायचा. १०० टक्के अपंगत्व असेल तर हा भत्ता २०२४मध्ये वर्षाला ४४ हजार डॉलरच्या पुढे जात होता. त्यामुळे सगळ्यात जास्त जायबंदी झालेला सैनिक सैनिकांसाठीच बांधलेल्या घराला ‘श्रीमंत’ म्हणून अपात्र. ऑगस्ट २०२४मध्ये गृहनिर्माण खात्याने हा नियम बदलला. इतकी वर्षं तो कुणाच्या टेबलावर पडून होता कोण जाणे. यात बाटलीचा दोष कुठे येतो, ते सांगा.

‘त्यातल्या एकाला तू स्वतःच्या घरी ठेवशील का?’ हेही तुम्ही विचारलंत. नाही ठेवणार. व्हॅनमधल्या त्या माणसालाही माझ्या घरी राहायचं नव्हतं. त्याने फक्त विचारलं की नवा कागद आमच्या ऑफिसच्या पत्त्यावर मागवला तर चालेल का. बाई हो म्हणाल्या.

मूळ लेखातलं युद्धाच्या आठवणींचं वाक्य आज काढलं आहे आणि का काढलं ते खाली लिहिलं आहे.

एक राहिलं. तुमच्या पलटणीतला एक जण निवृत्तीनंतर ‘बाटलीपायी वाया गेला, त्याला कुणी घर दिलं नाही’ असं तुम्ही मध्येच एका ओळीत लिहून पुढे गेलात. बाकीच्या पानभर रागापेक्षा ती ओळ माझ्या जास्त लक्षात राहिली. त्याचं पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत. सवडीने लिहा.