अर्थिंगला पाणी घाला

गावात बोअर मारायचा असेल तर चार जणांना विचारून मारावा. कॉम्प्युटर घ्यायचा असेल तर मात्र कोणाला कळूसुद्धा देऊ नये. बोअरच्या बाबतीत पाणाड्या हातावर नारळ घेऊन वावरभर फिरतो आणि शेवटी एका जागेवर तरी थांबतो. कॉम्प्युटरच्या बाबतीत येणारा प्रत्येक पाणाड्या वेगळ्या जागी थांबतो, चहा पितो आणि निघून जातो. खड्डा आपल्यालाच खणायचा असतो.

मी सिव्हिल इंजिनिअर. आर्वी तालुक्यातल्या एका गावात घरीच बसून कामं करतो. शेततळी, सिमेंट नाला बांध, ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाक्या आणि तालुक्याच्या ठिकाणी हल्ली भराभर उठणारी दुमजली घरं, यांची ड्रॉइंग आणि डिझाइन माझ्याकडून निघतात. जुना कॉम्प्युटर या कामाला पुरून उरत होता. त्याचा गुन्हा एवढाच, की त्याच्या पोटातला इंटेलचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ तर इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालच्या सहसा कोणाला दारातही उभं करत नाही. शिवाय टीपीएम २.० नावाचं काहीतरी मागतं. हे बाबांना समजावून सांगायचं होतं, कारण पैसे तुरीचे होते.

“जुनं चालू आहे न?” बाबांनी विचारलं.

“हो.”

“बिघडलं?”

“नाही.”

“मंग नवं काऊन घेऊन राहिला?”

“कंपनी आता त्याच्याकडं पाहणार नाही, बाबा.”

“आपल्याकडं कोण पाहून राहिलं? आपण चालूच आहो न!”

यावर मायक्रोसॉफ्टच्या वकिलालाही उत्तर सुचलं नसतं. मी गप्प बसलो. थोड्या वेळानं बाबांनीच मुद्द्याला हात घातला, “नव्यात सातबारा निघन का?” आमच्या घरी कॉम्प्युटरचं मूळ काम तेच. सातबारा, आठ-अ आणि जुलैत पीक विम्याचे फॉर्म. त्या दिवसांत ओसरीवर एवढी माणसं बसलेली असतात, की टाकीचं डिझाइन मी रात्री जेवणं झाल्यावर करतो.

पहिला सल्ला पुण्याहून आला. साळा हिंजवडीत नोकरीला आहे. पोळ्याला आला, तान्हा पोळा पाहिला, करंज्या खाल्ल्या आणि म्हणाला, “भाऊजी, सरळ मॅक घ्या. मग कटकटच नाही.”

त्याला म्हटलं, बाबा रे, ऑटोकॅड मॅकवर २०१० पासून मिळतं हे खरं, पण माझ्या इमारतींचं गणित स्टॅड प्रोमध्ये होतं आणि ते विंडोजशिवाय चालत नाही. पूर्वी इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्प लावून विंडोज घालता यायचं. २०२० साली ॲपलनं स्वतःची एम१ चिप आणली, तेव्हापासून नव्या यंत्रांवर तीही सोय गेली. तो क्षणभर विचारात पडला. मग म्हणाला, “तर भाऊजी, तुम्ही स्टॅड सोडून द्या.” म्हणजे जोडे लहान पडतात म्हणून पायच कापायचे. बाबांनी मध्येच किंमत विचारली. ती ऐकून ते उठले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. तो विषय तिथंच संपला.

दुसरा सल्लागार म्हणजे भाचा. नागपूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या वयात पोरं प्रेमात पडतात, हा लिनक्स नावाच्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रेमात पडलाय. “मामा, १९९१ साली फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्यानं घरबसल्या सुरू केलेली गोष्ट आज जगभरचे सर्व्हर चालवून राहिली, अन् तुम्ही एका लायसन्सपायी जुनं यंत्र फेकून राहिले!” बोलणं बिनतोड होतं. त्यानं दुपारी जुन्या यंत्रावर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक अवतार, टाकलं आणि खरं सांगतो, यंत्राला नवी पालवी फुटली. क्यूजीआयएस सुरेख चाललं. नाल्याच्या पाणलोटाचे नकाशे, उंचीच्या रेषा, सगळं जागच्या जागी. फ्रीकॅडची १.० आवृत्ती २०२४ च्या नोव्हेंबरात आली होती, तीही त्यानं बसवून दिली. मी मनातल्या मनात तुरीचे पैसे वाचवून ठिबक घेऊन टाकलं.

मग ठेकेदाराची फाइल आली.

ती डीडब्ल्यूजी होती, म्हणजे ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल. ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आलं, तेव्हापासून ही डीडब्ल्यूजी दर काही वर्षांनी कात टाकत आलेली आहे. नवी फाइल जुन्या ऑटोकॅडला उघडत नाही, आणि ऑटोकॅड स्वतः लिनक्सवर येतच नाही. भाच्यानं फाइल सरळ टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. पडद्यावर चिन्हांचा नुसता कचरा, पण अगदी सुरुवातीला सहा अक्षरं स्वच्छ दिसत होती: एसी१०२१.

“मामा, ही २००७ ची आहे!” पुराणवस्तू सापडल्यागत तो ओरडला. “आताच्या फाइली एसी१०३२ असतात. तो फॉरमॅट २०१८ पासून चालू आहे. तुमचा ठेकेदार कोणत्या जमान्यात आहे?”

ठेकेदाराचं ऑटोकॅड २००७ चं आहे. ते त्यानं कुठून आणलं हे आमच्याकडं कोणी कोणाला विचारत नाही. मला एवढंच माहीत, की मी २०१८ च्या फॉरमॅटमध्ये काही पाठवलं तर त्याचा फोन येतो, “साहेब, कोरी आली.”

भाच्यानं फाइल लिब्रेकॅडमध्ये उघडली. कॉलम आले, भिंती आल्या, मापं मात्र गावाला गेली होती. बाजूच्या टिपा मराठीत होत्या, कृतिदेव ०५५ मध्ये टाइप केलेल्या. फॉन्ट नसल्यामुळं त्यांचा इंग्रजी अक्षरांचा चिवडा झाला होता. त्यानं फॉन्ट शोधून टाकला, टिपा वाचता आल्या, तर तो म्हणतो, “मामा, हे सगळं युनिकोडमध्ये पाहिजे.” पाहिजे तर आहेच. पण ज्या टेबलावर माझं अंदाजपत्रक जातं, तिथं युनिकोड पोचायला अजून बरीच टेबलं ओलांडायची आहेत.

तो हरला नाही. रात्री नागपूरला परत गेल्यावर त्याचा फोन आला. फोन स्पीकरवर होता आणि आई शेजारी वाती वळत बसली होती.

“मामा, शेवटचा उपाय. वाइन टाकून पाहू का?”

वाइन म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर, १९९३ पासून चालत आलेलं, अत्यंत सोज्ज्वळ. पण आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. आईनं वात खाली ठेवली आणि विचारलं, “तिकडं शिकून राहिला न तो?” तिची समजूत घालण्यात इतका वेळ गेला, की ऑटोकॅडचं काय झालं ते सांगायची इच्छाच उरली नाही. झालं एवढंच, की ते वाइनमध्ये सुरू झालं, लायसन्सच्या खिडकीपाशी आलं आणि तिथंच थिजलं.

माझं मत तेव्हाच पक्कं झालं. ऑपरेटिंग सिस्टिम आपण निवडतो ही शहरातली समजूत आहे. माझी ऑपरेटिंग सिस्टिम ठेकेदारानं कधीच निवडून ठेवली होती, २००७ साली.

नागपूरला सीताबर्डीवर कॉम्प्युटरच्या दुकानदारानं पहिला प्रश्न केला, “गेमिंग की ऑफिस?” तिसरी जात त्याच्या यादीतच नव्हती. स्ट्रक्चरल म्हटल्यावर त्यानं मला गेमिंगमध्ये बसवलं आणि भलंमोठं ग्राफिक्स कार्ड काढलं. मी म्हटलं, माझं काम बहुतेक टूडी. ऑटोकॅडच्या बऱ्याचशा कमांड एकाच कोअरवर चालतात, म्हणून कोअर कमी असले तरी चालतील पण प्रोसेसरचा वेग पाहिजे. १६ जीबी रॅम, एसएसडी, एवढं द्या. तो हिरमुसला. “सर, निदान लाइटवालं कॅबिनेट तरी घ्या. पोरं खुश होतात.” मग मी माझा खरा प्रश्न विचारला, “व्होल्टेज १६० वर आलं तर हा पॉवर सप्लाय कसा वागेल?”

“सर, १६० वर कधी येतच नाही,” तो म्हणाला. त्याच्या डोक्यावर एसी मंद आवाजात चालू होता.

आमच्या घराला लागून चक्की आहे. संध्याकाळी तिची मोटर सुरू झाली की ट्यूबलाइट डोळे मिचकावते आणि स्टॅबिलायझर ‘टक’ करतो. आता इन्व्हर्टरच्या मागं एक बटन असतं. बहुतेकांच्या घरी ते इन्व्हर्टर आला त्या दिवसापासून तसंच असतं, कारण मागं झाडू जात नाही. बटन एका बाजूला ‘यूपीएस’, दुसऱ्या बाजूला ‘नॉर्मल’. यूपीएसवर ठेवलं तर लाइन जाताच बॅटरी झटक्यात हाती घेते, कॉम्प्युटरला पत्ताही लागत नाही. पण मग व्होल्टेज १८० च्या आसपास खाली आलं तरी ते लाइन गेली असंच समजतं आणि बॅटरीवर जातं. म्हणजे चक्की दळते गावाची जवारी, आणि उतरते माझी बॅटरी. नॉर्मलवर ठेवलं तर १६० व्होल्ट त्याला आनंदानं चालतात, पण लाइन गेली की ते हलायला क्षणभर उशीर करतं आणि तेवढ्यात कॉम्प्युटर डोळे मिटून पुन्हा उघडतो. सेव्ह न केलेली टाकी वाहून जाते. यावर अभियांत्रिकीत उपाय असेल. माझ्याकडं चक्कीवाल्या भाऊचा नंबर आहे. मोठं ॲनालिसिस लावण्याआधी मी विचारतो, “भाऊ, दळण किती आहे?” तो म्हणतो, “दोन डबे. चहा पिऊन घ्या.”

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, हे बायकोनं सुचवलं. बरोबरच होतं. पण मे महिन्यात आमच्याकडं पारा ४५ च्या वर जातो, आणि तापलेला प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. कूलरसमोर ठेवावा तर पाण्याचे बारीक तुषार थेट कीबोर्डवर.

तर आलं ते डेस्कटॉपच, विंडोज ११ घालून, बिनलाइटचं. जोडलं, सुरू केलं, कॅबिनेटला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. अर्थिंग. घर बांधताना मीठ-कोळसा टाकून खड्डा व्यवस्थित भरला होता, पण उन्हाळ्यात आमची काळी माती अशी फाटते की भेगेत हात जातो, आणि कोरड्या मातीतून करंट जमिनीत उतरायला तयार नसतो. उपाय आईनं हातात घेतला. रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की उरलेली बादली अर्थिंगच्या खड्ड्यात. झिणझिण्या थांबल्या. शेजारणीनं विचारलं, “काय लावलं जी तिथं?” आई म्हणाली, “काही नाही, पोराच्या कॉम्प्युटरले पाणी देऊन राहिली.” ही बातमी गावात माझ्या पदवीपेक्षा लवकर पसरली.

जुनं यंत्र लिनक्ससकट ओसरीवर गेलं. बाबांनी त्याच्यावर सातबारा काढून पाहिला. निघाला. त्यांच्या दृष्टीनं ऑपरेटिंग सिस्टिमचा वाद मिटला, आणि भाच्याला त्यांनी फोन करून सांगितलं, “तुहं बदक चांगलं आहे.” ते बदक नसून लिनक्सच्या चिन्हावरचा पेंग्विन आहे, हे सांगायचं धाडस त्याला झालं नाही.

नव्या यंत्रावरचं पहिलं मोठं काम आर्वीतल्या दुमजली घराचं. माती काळी, फुगणारी, म्हणून फुटिंग खोल नेली, आयएस ४५६ या काँक्रीटच्या नियमावलीप्रमाणं कॉलम तपासले, टिपा कृतिदेवमध्ये घातल्या, फाइल आठवणीनं २००७ च्या फॉरमॅटमध्ये सेव्ह केली आणि ठेकेदाराला धाडली. लगेच फोन.

“साहेब, भेटली. पण मी वर्ध्याले आहो, लॅपटॉप घरी. मिस्त्रीजवळ मोबाइल आहे, त्याले फोटो टाकून द्या न.”

मी पडद्याचा फोटो काढून मिस्त्रीला पाठवला. पाचेक मिनिटांनी त्याचा फोन. मागं मिक्सरचा खडखडाट.

“अजी साहेब, तुमचं ते हिरवं-पिवळं उन्हात काही दिसून नाही राहिलं. कॉलमले सळाख बाराची टाकू का सोळाची, तेवढं सांगा.”

“सोळाची.”

“मंग झालं न जी.” फोन बंद.