‘पंच’ सगळेच पाचाचे नव्हेत

मिरज-सांगलीपासून कराड-साताऱ्यापर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. इंग्रजीतला ‘पंच’ हा शब्द त्याच्या सर्व अर्थांसह आपल्याच ‘पंच’वरून गेला, असा त्याचा दावा आहे: पाच बोटांची मूठ म्हणून ठोसा, पंचामृतासारखे पाच जिन्नस म्हणून पेय आणि गावच्या पंचांवरून लंडनचे विनोदी साप्ताहिक.

ठोशाचा दावा कालगणनेपुढेच कोसळतो. ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना १६०० मधली आणि तिचे पहिले जहाज सुरतेस लागले १६०८ मध्ये. इंग्रजीत मात्र हे क्रियापद ढकलणे, टोचणे या अर्थांनी चौदाव्या शतकाच्या अखेरीसच वापरात होते. ते जुन्या फ्रेंचमधून आले असून त्याचे मूळ टोचणे या अर्थाच्या लॅटिन ‘पुंगेरे’त आहे. एसटीचे वाहक पूर्वी दांडीवर खटखट वाजवत ज्याने तिकिटाला भोक पाडत, तो पंच याच घराण्यातला आणि चाकाचे पंक्चरही त्याच्याच भावकीतले. पाचाशी नाते शोधायचेच, तर ते ‘फिस्ट’ आणि ‘फिंगर’ या शब्दांत शोधावे. संस्कृत ‘पञ्च’ व इंग्रजी ‘फाइव्ह’ यांच्या समाईक मुळाशी काही अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. अर्थात तेही नाते भावंडांचे आहे, उसनवारीचे नव्हे.

पेयाबाबत मजकुराची बाजू बरीच भक्कम आहे. हा अर्थ १६३२ पासून, म्हणजे कंपनीची माणसे हिंदुस्थानात वावरू लागल्यावरच, कागदोपत्री आढळतो आणि १६७० च्या दशकात सुरत, मुंबई, जुन्नर पाहिलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टराने पाच जिन्नसांमुळे हे नाव पडल्याचे स्वच्छ लिहून ठेवले आहे. मद्य, पाणी, लिंबाचा रस, साखर आणि मसाला हे ते पाच मानले जातात. पंचामृताला यात उगाच ओढले आहे. तरीही जुन्या कृतींत जिन्नस नेहमी पाचच नसत, आणि ‘पंचन’ नावाच्या मद्याच्या पिंपावरून हे नाव आले असावे, अशीही एक व्युत्पत्ती सुचवली जाते.

१८४१ मध्ये निघालेल्या साप्ताहिकाचा तर पंचायतीशी काडीचाही संबंध नाही. त्याचे नाव बाहुल्यांच्या खेळातल्या नाकाड्या, कुबड्या, दांडकेबहाद्दर मिस्टर पंचवरून आले. हा गडी मूळचा इटलीचा. तेथील पुल्चिनेल्ला इंग्लंडात पंचिनेल्लो झाला आणि पुढे नाव आखडून पंच उरला. सॅम्युअल पेपिसने ९ मे १६६२ रोजी लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये असा इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिल्याची नोंद रोजनिशीत आहे. किंबहुना या नावाचा प्रवास मजकुराच्या नेमका उलट झाला: १८७७ मध्ये लखनौत निघालेल्या ‘अवध पंच’ या उर्दू विनोदी साप्ताहिकाने ते लंडनकडून घेतले.