घोडा का अडला? भुकटी संपली म्हणून!

शर्यतीच्या घोड्यात आपण नुकताच चौथा हिस्सा घेतला आहे, त्याबद्दल प्रथम अभिनंदन. पावसाळ्यात पुण्याला आणि नोव्हेंबरपासून उन्हाळा लागेपर्यंत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर आता आपल्याला, शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकच्या कठड्याशी उभे राहून 'आपला घोडा' असे म्हणता येईल. अडचण एवढीच आहे की आपला घोडा घाबरट निघाला. जीन चढवताच त्याला घाम फुटतो, मांड्यांमध्ये साबणासारखा फेस येतो, खोगिराचा पट्टा आवळताना तो सइसाच्या पायावर पाय देतो आणि तबेल्यात असला की दारात उभा राहून तासन्‌तास डावीकडून उजवीकडे डोलत राहतो. अशा वेळी हा प्राणी दिवसाचे चोवीस तास नेमके कसे घालवतो, असा प्रश्न एखाद्या अननुभवी मालकाच्या मनात येण्याचा संभव असतो. आपण तो येऊ देऊ नये. आपण थेट घोड्याला शांत करणाऱ्या भुकटीच्या डब्यांच्या दुकानाकडे वळावे.

डबा निवडताना त्यावरील चित्र पाहावे. हिरव्यागार कुरणात मान खाली घालून चरणारा घोडा त्यावर हमखास असतो. चित्रातला घोडा शांत आहे तो कुरणामुळे की डब्यातल्या भुकटीमुळे, याची चिकित्सा करू नये. कुरण डब्यासोबत मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे म्हणजे झाले.

आरंभ मॅग्नेशियमपासून करावा, कारण या नावाला शास्त्राचा वास आहे. मॅग्नेशियम कमी पडले की मज्जातंतू आणि स्नायू उत्तेजित होतात, हे खरेच आहे. पाचशे किलोच्या घोड्याला विश्रांतीच्या काळात दिवसाला सुमारे ७.५ ग्रॅम आणि कठोर मेहनतीच्या काळात सुमारे १५ ग्रॅम मॅग्नेशियम लागते, हेही खरे आहे. साधारण वाळलेल्या गवतात किलोमागे दीड-दोन ग्रॅम मॅग्नेशियम असते, त्यामुळे आठ-नऊ किलो गवत पोटात गेले की हिशेब जवळजवळ पुरा होतो आणि उरलेले चंदीतून मिळते. मात्र हा हिशेब मांडत बसल्यास डबा विकत घेण्याचे कारण उरत नाही, म्हणून तो मांडू नये. गरजेपेक्षा जास्त शोषले गेलेले मॅग्नेशियम मूत्रावाटे तबेल्यातल्या पेंढ्यात उतरते, आणि पेंढा त्यानंतर अत्यंत शांत राहतो. एखादा अतिउत्साही जाणकार हेच क्षार सुईने थेट शिरेत देण्याचे सुचवील. त्या उपायाने घोडा निश्चित शांत होतो. मात्रा चुकली तर कायमचा.

खनिजांनी भागले नाही तर वनस्पतींकडे यावे. युरोपातल्या डब्यांत व्हॅलेरियन असते, जी आपल्या औषधी तगरीची सख्खी बहीण म्हणता येईल; सोबत कॅमोमाइलची फुले असतात, आणि ज्यामुळे बिअरला कडवटपणा येतो ते हॉप्सही असतात. स्वदेशीचा अभिमान असणाऱ्यांनी जटामांसी, ब्राह्मी आणि अश्वगंधा यांचा काढा करावा. अश्वगंधेला हे नाव तिच्या मुळांना घोड्यासारखा वास येतो म्हणून मिळाले. तेव्हा ज्याच्या अंगाला तो वास जन्मतःच आहे त्यालाच ती विकत घेऊन चारण्यात जो काव्यगत न्याय आहे, तो आपल्यासारख्या रसिकाला वेगळा सांगायला नको. पाचशे किलोच्या, आणि आतड्यात गवत आंबवून जगणाऱ्या प्राण्याला किती मात्रा लागते, हे माणसाच्या मात्रेला सातने गुणून काढावे. पचनसंस्था वेगळी आहे, असे पशुवैद्य म्हणतील. पशुवैद्य नेहमीच काहीतरी म्हणतात.

या टप्प्यावर कोणी उत्तेजक-चाचणीचा विषय काढला, तर 'हे तर नैसर्गिक आहे' असे शांतपणे सांगावे. हे वाक्य तपासणीच्या प्रयोगशाळेत चालत नाही, पण चारचौघांत उत्तम चालते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अश्वारोहणाच्या स्पर्धा हाँगकाँगला झाल्या, तेव्हा चार घोडे एकाच वेळी अडकले ते कॅप्सेसिनमुळे, म्हणजे आपल्या ठेच्यातली मिरची ज्याने झोंबते त्याच द्रव्यामुळे. ते मलमांत असते, आणि नॉर्वेच्या संघाचे कांस्यपदक त्यापायी गेले. मिरचीहून नैसर्गिक काय असणार? २०१४ मध्ये ॲस्कट गोल्ड कपमध्ये दुसरी आलेली 'एस्टिमेट' ही घोडी तर साक्षात इंग्लंडच्या राणीची होती. तिच्या नमुन्यात मॉर्फिन निघाले, ते खाद्यात मिसळून आले होते, तिच्या माणसांचा काही दोष नव्हता, आणि तरीही तिचा दुसरा क्रमांक काढून घेण्यात आला. राणीची ही कथा, तर आपला चौथा हिस्सा. शिवाय व्हॅलेरियनमधले व्हॅलरेनिक आम्ल आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या निषिद्ध यादीत नावानिशी आहे. डब्यावर मात्र 'शंभर टक्के वनस्पतिजन्य' एवढेच छापलेले असते आणि तेही खोटे नसते.

वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, या श्रद्धेला खास आपल्या मातीतला आधार हवा असेल तर सर्पगंधेचा अभिमानाने उल्लेख करावा. सह्याद्रीच्या रानात वाढणाऱ्या या झुडपाच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्याच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकातून जगाला दाखवून दिले. पुढे १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले, माणसांच्या मनोविकारांवर ते वापरले गेले, आणि मग ते तबेल्यांत पोहोचले, कारण एका सुईचा अंमल कित्येक दिवस टिकतो. घोडा त्याने मलूल होतो, पापण्या उतरतात, कधी हगवण लागते, कधी पोटशूळ उठतो. आज ते घोड्यांच्या स्पर्धांत निषिद्ध आहे. तरी मुळी ती मुळीच, नाही का?

ट्रिप्टोफॅनबद्दल थोडक्यात. हे प्रथिनाचे घटकद्रव्य मेंदूत सेरोटोनिन बनण्यासाठी लागते, म्हणून बऱ्याच भुकट्यांत असते. थोड्या मात्रेत दिल्यास घोडा किंचित उत्तेजित होतो आणि जास्त मात्रेत त्याचा दम कमी होतो, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. म्हणजे परिणाम होतो, एवढे तरी सिद्ध झाले.

आता एक धोक्याची सूचना. तबेल्यात आपल्याला अशी काही माणसे भेटतील, जी घोड्याच्या भीतीचे कारण त्याच्या पोटात आणि त्याच्या दिनक्रमात शोधतात. त्यांच्यापासून दूर राहावे, कारण त्यांचे म्हणणे दुर्दैवाने समजण्याजोगे असते. ते सांगतील की मोकळा सोडलेला घोडा दिवसातले सोळा-सोळा तास चरतो. त्याचे जठर लहान असून त्यात आम्ल अखंड पाझरत राहते, चावताना सुटणारी लाळ त्या आम्लाला मारते, आणि गवत काढून घेऊन ओट्‌सच्या दोन-तीन वेळच्या चंदीवर त्याला ठेवले की लाळ आटते, आम्ल मात्र आटत नाही. मग दौडताना पोट आवळले जाऊन ते आम्ल जठराच्या वरच्या, संरक्षण नसलेल्या भागावर उसळते. प्रशिक्षणातल्या शर्यतीच्या घोड्यांपैकी ऐंशी-नव्वद टक्क्यांना जठरात व्रण असल्याचे पाहण्यांत आढळले आहे. पट्टा आवळताना घोडा दात दाखवतो तो 'स्वभाव' नसून बहुधा पोटदुखी असते, असेही ही माणसे म्हणतील. 'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' ही म्हण ते आपल्याला ऐकवतील. आपण पखालीचा डबा घट्ट धरून ठेवावा.

त्यांचे दुसरे म्हणणे याहून गैरसोयीचे आहे. कळपाने राहणारा हा प्राणी बारा बाय बाराच्या खोलीत दिवसाचे बावीस-तेवीस तास एकटा उभा असतो, मोसम बदलला की गाडीत चढवून खंडाळ्याच्या घाटातून पुणे-मुंबई केला जातो, आणि वयाच्या दुसऱ्या वर्षीच शर्यतीला उतरतो. डोलणाऱ्या घोड्याच्या खोलीत नुसता आरसा लावला तरी डोलणे पुष्कळ कमी होते, असे प्रयोगात दिसले आहे. पण आरसा एकदाच विकत घ्यावा लागतो, आणि दर महिन्याला संपत नाही. अशा वस्तूवर कोणता व्यापार उभा राहणार? घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले, या तिन्ही प्रश्नांना 'न फिरवल्यामुळे' हे एकच उत्तर आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. अर्थात ते कोडे रचणाऱ्याच्या काळात भुकटी मिळत नव्हती.

गुण आला की नाही हे कसे ओळखावे? अतिशय सोपे आहे. डबा चालू केल्यानंतर घोडा बरा वागला तर श्रेय डब्याचे. वाईट वागला तर मात्रा कमी पडली. पूर्वीसारखाच वागला तर डबा नसता तर तो किती बिघडला असता याची कल्पना करावी. काही मंडळी निम्म्या घोड्यांना भुकटी आणि निम्म्यांना नुसता कोंडा देऊन, कोणाला काय दिले हे न सांगता सइसाचे मत विचारण्याचा आग्रह धरतील. तो प्रयोग आपल्या तबेल्यात होऊ देऊ नये. भुकटी घातल्याचे माहीत असलेला माणूस घोड्याकडे हलक्या हाताने जातो, आवाज उतरवून बोलतो, आणि तेवढ्यानेच घोडा निम्मा शांत होतो, हे उघडकीस आले तर तो हलका हात मुळात फुकट होता, हेही उघडकीस येईल.

शेवटी घोडामैदान जवळ येईल तेव्हाची गोष्ट. पॅडॉकमध्ये घोडा गाईसारखा उभा राहावा, आणि स्टार्टिंग गेट उघडताच त्याने विजेसारखे सुटावे, ही आपली माफक अपेक्षा असणार. भुकटीला घड्याळ कळत नाही, म्हणून तिचा अंमल गेटपाशी नेमका उतरवण्याची जबाबदारी ट्रेनरवर सोपवावी. तसेही नमुन्यात काही सापडले तर जाब त्यालाच विचारला जातो. आपण दुर्बीण साफ करावी.

त्या सकाळी सईस, ज्याला आपले आजोबा मोतद्दार म्हणत, चंदीच्या घमेल्यात चमचा रिकामा करता करता आपल्याकडे पाहील आणि भीत भीत विचारील, "साहेब, याला जरा गवतावर फिरवून आणू का? अर्धा तास. मी धरतो ना." त्याला प्रेमाने सांगावे की हे काम आता शास्त्रीय पद्धतीने चालू आहे, आणि चमचा सपाट भरला आहे की नाही ते एकदा बघून घ्यावे.