पाठीतलं पाणी आणि माझी सही

नमस्कार डॉक्टरसाहेब,

प्रतिक्रियेखाली 'एक डॉक्टर, पुणे' एवढंच आहे, म्हणून डॉक्टरसाहेब म्हणतो. मेनिंजायटिसवरच्या, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूच्या आवरणाला सूज येते त्या आजारावरच्या, माझ्या लेखात तुम्ही चार चुका काढल्यात. तान्ह्या बाळाची मान ताठ होतेच असं नाही, हे मी लिहिलं नाही. 'मेंदूज्वर' हा शब्द सैल वापरला. लसींवर दोनच ओळी खरडल्या. आणि शेवटी तुमचं वाक्य: "बेळगावीकडची माणसं अजून पाठीतलं पाणी काढू देत नाहीत, त्यांना समजावणं हे डॉक्टरांचं काम आहे, गोष्टी सांगणाऱ्या मास्तरांचं नव्हे."

पहिली चूक मान्य. बाळ दूध ओढत नाही, सारखं किरकिरतं नाहीतर गळून पडतं, डोक्यावरची टाळू फुगून वर येते, आणि मान मात्र मऊ असू शकते. ही ओळ राहिली, चूक माझी. झालं?

आता ते शेवटचं वाक्य. पाठीतलं पाणी काढू न देणारा तो माणूस मीच, साहेब.

१९९८ चा पावसाळा. माझी मुलगी सहा वर्षांची. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी उलट्या, उजेड सोसेना, हनुवटी छातीला टेकेना. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून शेजाऱ्याच्या टेम्पोत घालून तिला बेळगावला नेलं. तिथं म्हणाले, पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल, इथं सही करा. कागद कन्नड. मी मराठी शाळेचा मास्तर. बसची पाटी वाचण्यापुरतं कन्नड येतं, पानभर मजकूर नाही. थोरले दादा कानाशी म्हणाले, "पाठीत सुई घातली की पाय जातात, सही करू नकोस." मी केली नाही. ज्या कागदावर काय लिहिलंय ते कळत नाही, त्यावर पोटच्या पोरीसाठी तुम्ही पुण्यात सही केली असती का? याला अडाणीपणा म्हणायचा तर खुशाल म्हणा.

मला समजावलं ते डॉक्टरांनी नव्हे. हुबळीकडच्या एक नर्सबाई होत्या, मराठी मोडकंतोडकं. त्यांनी माझ्याच कमरेवर बोट ठेवलं. मज्जारज्जू इथं वरच संपतो, सुई त्याच्या खाली घालतात, तिथं पाणी आणि नसांचे सुटे धागे असतात, पाय कसे जातील? आणि पाणी बघितल्याशिवाय दुखणं जंतूचं, टीबीचं की विषाणूचं हे नक्की कसं कळणार? जंतूचं असेल तर इंजेक्शनं, बहुधा आठवडा-दोन आठवडे. टीबीचं असेल तर गोळ्या वर्षभर चालतील. विषाणूचं बहुतेक वेळा आपोआप निवळतं. पाच मिनिटं लागली त्यांना. मी सही केली.

आणि हे नीट वाचा: माझ्या सहीची वाट न बघता डॉक्टरांनी शिरेतून अँटिबायोटिक आधीच चालू केलं होतं. ते थांबले असते तर आज मी लेखही लिहिला नसता आणि तुम्हाला हे उत्तरही. मुलगी वाचली. डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही. या आजारात कान जातो तो असा. तुमच्या लेखी ही 'गोष्ट'. असो.

मास्तरांनी सांगू नये म्हणता, मग सांगायचं कुणी? तुमची भाषा आम्हाला कळते हो, पण तुम्ही पुण्यात.

राहिलेलं थोडक्यात. आमच्याकडे डासाचा जपानी ताप असो की हा, दोन्ही 'मेंदूज्वर'च. लोक ज्या नावानं विचारतात त्याच नावानं मी सांगतो. लसी म्हणाल तर हिब, न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस हे मेनिंजायटिस करणारे जंतू. हिबची लस पेंटाव्हॅलंट या पाच-एकत्र लसीतच असते, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. न्यूमोकोकलची २०२१ पासून देशभर सरकारी आहे. बीसीजीच्या लसीनं टीबीचा मेनिंजायटिस लहान मुलांत बराच टळतो. मेनिंगोकोकलची सरकारी यादीत नाही, हजला जाणाऱ्यांना लागते. तायी कार्ड, म्हणजे इकडचं आई-बाळाचं सरकारी कार्ड, घेऊन आशाताईंकडे गेलं की बाळाचं कुठलं राहिलंय ते त्या माझ्यापेक्षा नीट सांगतात, म्हणून लेखात दोनच ओळी.

टाळूची ओळ आज सकाळी लेखात घातली आहे. तुमचं नाव द्यायची इच्छा होती, पण ते तुम्ही दिलंच नाहीत.

आणि आम्ही बेळगाव म्हणतो.