परदेश सहलीचं बजेट, खास नाशिककरांसाठी

युरोपला जायचं ठरलंय ना? मग पहिलं काम: सहलीची जाहिरात पूर्ण वाचू नका. किंमत अशी छापलेली असते, इतके रुपये अधिक तितके युरो. तुम्ही रुपयांपाशीच थांबा. कॉलेज रोडच्या कट्ट्यावर 'एवढ्यात युरोप!' म्हणून सांगायला तेवढा आकडा पुरतो, आणि बजेट आपण दुसरं कशासाठी करतो? युरोचा भाव फोनवर बघून ठेवा. बँक त्या भावाने कधीच देत नाही, वर जीएसटीही लावते. पण एवढं खोलात जाणारी माणसं त्र्यंबकच्या पुढे जातच नाहीत.

व्हिसाचे 90 युरो. नाकारला तरी परत मिळत नाहीत, तेव्हा ते सरळ दानधर्मात धरा. बोटांचे ठसे द्यायला मुंबई गाठावी लागते. सगळी वरात गाडीत घाला, इगतपुरीला नाश्ता करा, आणि बँकेचं स्टेटमेंट शिक्क्याविना आणलं म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. हा प्रवास देशातल्या देशात झाला, त्यामुळे परदेश सहलीच्या हिशोबात तो धरणं तत्त्वतःच चूक!

पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आयकरापोटी आगाऊ घेतलेली रक्कम, लावतील. विवरणपत्र भरलं की तो करात वळता होतो, म्हणजे ती तुमची बचतच झाली. त्या बचतीतून आजच एक जाड कोट घ्या.

खाण्याचा खर्च शून्य लिहा. चिवडा, लाडू, ठेपले आणि आत्याने प्रेमाने दिलेले खव्याचे पेढे बॅगेत असतातच. (दुधामांसाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे, पण हे आत्याला कोण सांगणार?) स्वित्झर्लंडमध्ये नळाचं पाणी बिनधास्त पितात, आपण गंगापूर धरणावर वाढलेली माणसं, आपण बाटलीच घ्यायची. तिथे फ्रँक चालतो हे बाटली हातात आल्यावर कळलं तरी चालेल.

दुकानात कार्ड दिल्यावर मशीन विचारेल, रुपयांत देणार की त्यांच्या चलनात? छाती पुढे काढून रुपये दाबा. भाव मशीनवालाच ठरवतो, तुमच्या तोट्याचा ठरवतो, पण स्वाभिमान म्हणून काही असतो की नाही!

परतल्यावर नोटा बदलायला जाल तेव्हा घेण्याचा भाव वेगळा आणि देण्याचा वेगळा निघेल. नाणी तर कोणी घेतच नाही. ती पोरांच्या गल्ल्यात टाका आणि वहीत लिहा: शिल्लक.